कोरियनमध्ये ‘यो’ कुठे लावायचा, कुठे काढायचा?

प्रश्न : ‘जाणे’ या एकाच क्रियापदाची ‘गाम्निदा’, ‘गायो’ आणि ‘गा’ अशी तीन रूपं कानावर पडतात. कोरियनमध्ये बोलण्याच्या सहा पातळ्या असतात म्हणे. सगळ्या शिकायच्या का?

नाही. व्याकरणात सहा सांगतात खऱ्या, पण ‘हाओ’ आणि ‘हागे’ या दोन पातळ्या आता ऐतिहासिक मालिकांत नाहीतर जावयाशी बोलणाऱ्या सासऱ्याच्या तोंडी सापडतात. ‘हान्दा’सारखी ‘दा’ने संपणारी रूपं वर्तमानपत्रं, पुस्तकं आणि रोजनिशीत दिसतात, ती सुरुवातीला वाचता आली की पुरे. बोलण्यासाठी उरतात तीन : औपचारिक ‘म्निदा’, सभ्य ‘यो’ आणि घरगुती सलगीची बिनयोची बोली, म्हणजे ‘बानमाल’. सुरुवात ‘यो’पासूनच करा. अनोळखी माणूस, शेजारी, दुकानदार, शिक्षक, सगळीकडे ती चालते.

रूप बनवताना मूळ क्रियापदातला शेवटचा ‘दा’ काढा. उरलेल्या धातूतला शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर ‘आयो’ लावा, एरवी ‘ऑयो’. ‘हादा’ (करणे) मात्र ‘हेयो’ होतं. ‘गादा’चं ‘गायो’, ‘मॉक्दा’चं (खाणे) ‘मॉगॉयो’. औपचारिक रूपात धातू स्वरान्त असेल तर ‘म्निदा’ (गाम्निदा) आणि व्यंजनान्त असेल तर ‘सुम्निदा’ (मॉक्सुम्निदा). धातूच्या शेवटी ल् असेल तर तो गळतो : ‘साल्दा’ (राहणे) याचं ‘साम्निदा’. ‘साल्सुम्निदा’ ही नवशिक्यांची हमखास चूक.

बानमाल करायला बहुतेक ठिकाणी फक्त ‘यो’ काढायचा. अपवाद आहे ‘असणे’चा : ‘हाक्सेंगिएयो’ (विद्यार्थी आहे) याचं बानमाल ‘हाक्सेंगिया’. शिवाय बाकीचे शब्दही बदलावे लागतात. ‘मी’साठी ‘जॉ’ऐवजी ‘ना’, ‘हो’साठी ‘ने’ऐवजी ‘उंग’. ‘यो’ काढला आणि ‘जॉ’ तसाच ठेवला तर वाक्य अर्धवट कपडे बदलल्यासारखं दिसतं. (देवनागरीतले हे उच्चार कामचलाऊ आहेत. हांगुल लिपी आधी शिका, ती अवघड नाही.)

प्रश्न : मग ‘म्निदा’ कधी?

बातम्या, भाषण, मुलाखत, सार्वजनिक सूचना, ग्राहकाशी अधिकृत बोलणं. प्रत्यक्षात लोक दोन्ही मिसळतात : ओळख ‘म्निदा’ने करून द्यायची आणि पुढच्या गप्पा ‘यो’त मारायच्या. ‘गाम्साहाम्निदा’ (धन्यवाद) तर ‘यो’ बोलणारेही याच रूपात म्हणतात. मात्र मित्रांमध्ये सतत ‘म्निदा’ वापरलं की आदर वाटायच्या ऐवजी अंतर जाणवतं.

प्रश्न : मैत्रिणीला ‘आजोबा आले’ सांगायचं आहे. तिच्याशी मी बानमाल बोलते, पण आजोबा तर मोठे. मग काय करायचं?

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. वाक्याचा शेवट ठरतो *ऐकणाऱ्यावरून*. ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर दाखवतो क्रियापदाच्या पोटातला ‘शि’ (व्यंजनान्त धातूला ‘उशि’). मराठीत ‘भाऊ आला’, ‘आजोबा आले’ असा फरक आपण करतोच, पण समोर मैत्रीण असो की शिक्षिका, मराठी क्रियापद तेच राहतं. कोरियनमध्ये दोघांचीही दखल घ्यावी लागते :

मैत्रिणीला, धाकट्या भावाविषयी : दोंगसेंग वास्सॉ.
मैत्रिणीला, आजोबांविषयी : हाराबॉजी ओश्यॉस्सॉ.
शिक्षिकेला, भावाविषयी : दोंगसेंग वास्सॉयो.
शिक्षिकेला, आजोबांविषयी : हाराबॉजी ओश्यॉस्सॉयो.

तुमचं वाक्य दुसरं. ‘यो’ नाही, पण ‘शि’ आहे, आणि त्यात काहीही विसंगत नाही.

‘शि’ स्वतःला कधीच लावायचा नाही. ‘ऑदी गासेयो?’ (कुठे निघालात?) या प्रश्नातल्या ‘सेयो’त ‘शि’ दडलेला आहे. म्हणून उत्तर ‘जिबे गायो’ (घरी जातोय), ‘जिबे गासेयो’ नव्हे. प्रश्नातलं क्रियापद उचलून तसंच परत देण्याची सवय इथे नडते. वस्तूंनाही तो नको. कोरियातल्या कॅफेत ‘कॉफी आली’ म्हणताना ‘नाओश्यॉस्सुम्निदा’ ऐकू येतं, म्हणजे आदर चक्क कॉफीला! ग्राहकाला खूश करण्याच्या नादात ते रूढ झालं, पण व्याकरणाने चूकच. हवं ‘नावास्सुम्निदा’.

काही क्रियापदांना नुसता ‘शि’ लावून भागत नाही, शब्दच बदलतो : मोठी माणसं झोपली तर ‘जादा’ऐवजी ‘जुमुशिदा’, जेवली तर ‘मॉक्दा’ऐवजी ‘दुशिदा’. आपण मोठ्यांना काही देतो तेव्हा ‘जुदा’ऐवजी ‘दुरिदा’. एवढी तीन आधी पाठ करा.

प्रश्न : ओळख वाढल्यावर बानमाल कोण सुरू करतं? आणि समोरच्याला ‘तुम्ही’ कसं म्हणायचं?

सुरुवात वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला करतो. ‘माल नोउल्क्कायो?’ (औपचारिकता सोडायची का?) असं विचारायची पद्धत आहे. त्याने तुमच्याशी बानमाल सुरू केलं म्हणून तुम्हालाही मुभा मिळाली असं समजू नका. तो स्पष्टपणे म्हणेपर्यंत ‘यो’ सोडू नका. एकाच वर्षी जन्मलेले ‘दोंगाप’ लवकर मोकळे होतात, म्हणून पहिल्याच भेटीत जन्मवर्ष विचारलं तर तो भोचकपणा मानू नये. जून 2023 पासून दक्षिण कोरियात सरकारी कामकाजात जगभरातल्या पद्धतीने वय मोजतात, तरी जन्मवर्ष विचारण्याची सवय कायम आहे.

‘तुम्ही’ म्हणून शब्दकोशात ‘दांगशिन’ सापडेल, पण तो टाळा. नवरा-बायको एकमेकांना तसं म्हणतात, जाहिरातीत तो असतो, आणि भांडणातही! त्याऐवजी नाव अधिक ‘श्शी’ वापरा. पण नुसत्या आडनावाला ते लावलं तर (‘किम श्शी’) तुसडेपणा वाटतो. पूर्ण नाव किंवा पहिलं नाव घ्या. वरिष्ठांना ‘श्शी’ही नको, हुद्द्यानंतर ‘निम’ लावायचं. शिक्षक असतील तर ‘सॉन्सेंग्निम’.

प्रश्न : ‘गाप्शिदा’ (चला, जाऊ या) यात ‘शि’ ऐकू येतो, म्हणजे शिक्षकांना म्हणता येईल ना?

अजिबात नाही. हा ‘शि’ आदराचा नसून ‘प्शिदा’ या प्रत्ययाचाच भाग आहे. ते रूप बरोबरीच्यांना किंवा लहानांना सुचवताना चालतं. मोठ्यांना ते हुकूम दिल्यासारखं ऐकू येतं. त्यांना ‘गाची गाशिगेस्सॉयो?’ (बरोबर येता का?) असं विचारा.