लहान घर, बेताचा खर्च : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लहान घर कमी खर्चात कसे लावावे, या विषयावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी निवडले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या तीनही प्रश्नांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही दोघे लवकरच भाड्याच्या घरात राहायला जात आहोत. बैठकीची एक खोली, झोपण्याची एक लहान खोली आणि स्वयंपाकघर एवढीच जागा आहे. साठवलेले पैसेही मर्यादित आहेत. सोफा, जेवणाचे टेबल, पलंग आणि कपाटे ही सगळी खरेदी राहायला जाण्यापूर्वीच उरकून घ्यावी, असे आम्हाला वाटते. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : सगळी खरेदी आधीच उरकू नये, हे माझे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. कोणत्या खिडकीतून कोणत्या वेळी ऊन येते, आपण आपसूक कोणत्या कोपऱ्यात जाऊन बसतो, बाहेरून आणलेल्या पिशव्या आणि वाळलेले कपडे कुठे येऊन पडतात, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवसापासून लागणाऱ्या गोष्टी खरे तर थोड्याच असतात : चांगली गादी, कपडे ठेवण्याची सोय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि पुरेसा उजेड. बाकीच्या वस्तूंसाठी महिना-दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. उलट तोवर गरजा स्पष्ट होतात आणि एकेका वस्तूसाठी थोडे अधिक पैसे बाजूला पडतात.

या काळात घराची मापे नीट घ्यावीत. चौकटीच्या कागदावर १:२० या प्रमाणात, म्हणजे प्रत्यक्षातील २० सेंटीमीटरला कागदावर १ सेंटीमीटर धरून, प्रत्येक खोलीचा आराखडा काढला, तर ४ मीटरची भिंत २० सेंटीमीटर लांब होते आणि लहान खोली एका कागदावर सहज मावते. त्यात भिंतींच्या लांबीबरोबरच दारे कोणत्या बाजूला उघडतात, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंचीवर आहे आणि विजेची बटणे कुठे आहेत, हेही दाखवावे. मुख्य दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणाची जागा वेगळी लिहून ठेवावी, कारण खोलीत नेमका बसणारा सोफा जिन्यातच अडकला तर बाकीची मापे निरुपयोगी ठरतात. एखादी वस्तू पसंत पडली की तिच्या लांबी-रुंदीएवढी जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवून, एक-दोन दिवस तिथे ती वस्तू आहे असे समजून वावरावे. दुकानाच्या मोठ्या दालनात बेताची वाटणारी वस्तू घरात किती जागा खाते, ते यातून खरेदीच्या आधीच कळते.

लहान घरातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोकळी जमीन. म्हणून कोणत्याही वस्तूची किंमत विचारताना ती किती जमीन अडवते, हा प्रश्नही तितक्याच गांभीर्याने विचारावा. मुख्य येण्याजाण्याची वाट ७५ ते ९० सेंटीमीटर असावी. एकाच माणसाला अधूनमधून जावे लागते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ पलंगाच्या कडेला, ६० सेंटीमीटरवर भागते. खुर्ची मागे सरकवून उठता यावे यासाठी टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किमान ७५ सेंटीमीटर जागा लागते. कपड्यांच्या कपाटाची खोली साधारण ६० सेंटीमीटर असते, आणि बाहेर उघडणारी दारे असतील तर समोर तितकीच जागा पुन्हा मोकळी ठेवावी लागते. अरुंद खोलीत सरकत्या दारांचे कपाट उपयोगी ठरते ते याच कारणाने. पलंगाखाली खण करून घेण्याआधी ते खण पूर्ण बाहेर ओढायला जागा उरते का, हे पाहावे. ती उरत नसेल, तर वरून उचलता येणारी फळी किंवा चाकांची सुटी खोकी अधिक सोयीची पडतात.

ही मापे आराखड्यावर मांडून पाहिलीत, तर तीन आसनी सोफा आणि दोन जोडखुर्च्या हा तयार संच आपल्या खोलीसाठी नाही, हे बहुधा आपल्याच ध्यानात येईल. त्याऐवजी दोघांपुरता सोफा किंवा भिंतीलगत दिवाण, आणि हव्या तिथे नेता येतील अशा एक-दोन हलक्या खुर्च्या घ्याव्यात. जेवणाच्या टेबलावर एका माणसाला ६० सेंटीमीटर रुंदी पुरते, त्यामुळे दोघांसाठी मोठे टेबल लागत नाही. भिंतीला बिजागऱ्यांनी बसवलेली फळी ७५ सेंटीमीटर उंचीवर घेतली तर ती जेवणाला, लिहायला आणि इस्त्रीलाही चालते आणि काम झाले की खाली सोडता येते. घडीच्या आणि रूपांतर होणाऱ्या सामानाबद्दल मात्र एक सावधगिरी सांगावीशी वाटते. सोफ्याचा पलंग करताना रोज आधी टेबल हलवावे लागणार असेल, तर काही आठवड्यांतच तो पलंग कायमचा उघडा राहतो. असे सामान कधीतरी येणाऱ्या पाहुण्यासाठी उत्तम असते. रोजच्या झोपेसाठी ते तेव्हाच घ्यावे, जेव्हा ते एका हालचालीत उघडते.

पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत, याचे माझे गणित सोपे आहे. शरीराचा भार ज्यावर रोज तासन्‌तास पडतो ती गादी आणि ती खुर्ची, तसेच रोज उघडमीट होणाऱ्या बिजागऱ्या आणि खणांच्या पट्ट्या, यांत काटकसर करू नये. रोज बसण्याच्या आसनातला फोम दर घनमीटरला साधारण ३२ ते ४० किलो घनतेचा असावा. फार हलका फोम लवकर दबतो आणि वरचे कापड कितीही सुंदर असले तरी बसणे त्रासाचे होते. छोटी मेजे, आरशाची चौकट, पडदे आणि उशांचे अभ्रे या गोष्टी मात्र साध्या, जुन्या किंवा घरी शिवलेल्या असल्या तरी घराची शोभा तिळमात्र कमी होत नाही.

प्रश्न : जुने फर्निचर घ्यावे की नवे पण स्वस्त घ्यावे, हे ठरत नाही. जुन्या वस्तूत कीड असेल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, पण ती तपासणीने दूर करता येते. सर्वांत स्वस्त नवे सामान बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचे असते. लाकडाचा भुसा चिकटद्रव्याने दाबून केलेल्या या फळीच्या कडा उघड्या राहिल्या की त्या ओल ओढून घेतात आणि एकदा फुगलेली फळी पूर्ववत होत नाही. शिवाय तिच्यातला स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात घट्ट बसत नाही, म्हणून असे कपाट घर बदलताना सोडून पुन्हा जोडले की डुगडुगते. भाड्याने राहणाऱ्या माणसासाठी हा मोठाच तोटा आहे. सांधे नीट असलेले भरीव लाकडाचे किंवा प्लायवूडचे जुने कपाट घासून, पॉलिश किंवा रंग देऊन पुढची अनेक वर्षे वापरता येते, आणि मला तो व्यवहार अधिक शहाणपणाचा वाटतो.

जुनी वस्तू दिवसाच्या उजेडात, उलटीपालटी करून पाहावी. कोपऱ्यांना धरून तिरकी हलवली असता ती डगमगली तर सांधे सुटले आहेत असे समजावे. सांधे पुन्हा चिकटवता येतात, मात्र तडा गेलेला पाय सहसा दुरुस्त होत नाही. टाचणीएवढी गोल भोके आणि त्यांखाली ताजा, पिठासारखा भुसा दिसला, तर आत किडा अजून जिवंत असण्याचा संभव आहे. पाठीमागे मातीच्या बारीक नळ्या असतील तर ती वाळवी होय. गादी आणि कापड मढवलेला सोफा जुना घेऊच नये, असे माझे मत आहे, कारण शिवणींत आणि खाचांत लपलेले ढेकूण एकदा घरात आले की त्यांना हुसकणे फार कठीण जाते. लाकडी पलंग घ्यायचा असेल तरी त्याचे सांधे उघडून काळे ठिपके नाहीत ना, हे पाहूनच घ्यावा.

पुस्तकांच्या मांडणीबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ओळीने उभी लावलेली पुस्तके दर मीटरला सहज २० ते ३० किलो भरतात, आणि सारखा पसरलेला भार असलेल्या फळीचा बाक, म्हणजे भाराने तिला मधे येणारा झोल, तिच्या दोन आधारांमधील अंतराच्या चौथ्या घातात वाढतो. अंतर निम्मे केले तर बाक सोळाव्या हिश्शावर येतो. जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. म्हणून महाग जाड फळी घेण्याऐवजी साध्या १८ मिलिमीटरच्या फळीखाली मधोमध एक आधार दिला, तर कमी पैशांत अधिक काम होते.

प्रश्न : आमची बैठकीची खोली अंधारी आहे आणि घरमालक भिंतींना रंग लावू देत नाहीत. खोली मोठी आणि प्रसन्न वाटावी यासाठी काय करता येईल?

उत्तर : रंगाला परवानगी नाही, याचे फार वाईट वाटून घेऊ नका. ज्या खोलीत उजेडच येत नाही तिथे पांढरी भिंतसुद्धा करडी दिसते. आधी खिडकी मोकळी करा. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटीमीटर लांब घेतली, तर सरकवलेला पडदा भिंतीवर जातो आणि पूर्ण काच उघडी राहते. खिडकीशेजारच्या, तिच्याशी काटकोनात असलेल्या भिंतीवर मोठा आरसा लावला, तर उजेड खोलीच्या आतल्या भागात पोहोचतो. मात्र आरशात काय दिसणार आहे, ते त्याच्या जागी उभे राहून आधी पाहावे. पसारा दिसत असेल तर आरसा तो दुप्पट करतो.

संध्याकाळनंतर छताच्या मधोमध लावलेल्या एकाच प्रखर दिव्याने कोपरे काळवंडतात आणि खोली आक्रसल्यासारखी वाटते. त्याऐवजी वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन लहान दिवे लावावेत आणि त्यांतील एकाचा झोत भिंतीकडे वळवावा. एलईडी दिवा घेताना वॅटऐवजी ल्युमेन, म्हणजे मिळणाऱ्या प्रकाशाचे माप, पाहावेत : सुमारे ८०० ल्युमेन म्हणजे जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा प्रकाश, आणि तो साधारण ८ ते १० वॅटमध्ये मिळतो. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये सांगतात : बैठकीसाठी २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश सुखद असतो आणि कामाच्या टेबलाशी ४००० केल्विन चालतो. मात्र एका खोलीत एकत्र लागणारे दिवे एकाच छटेचे असावेत. तसेच जमिनीला टेकलेल्या सामानापेक्षा उंच पायांचे सामान घ्यावे, म्हणजे खालची जमीन भिंतीपर्यंत दिसत राहते. उंच कपाट किंवा मांडणी असेल, तर भिंतीला दोन भोके पाडून ती पक्की करण्याची परवानगी घरमालकांकडून अवश्य घ्यावी. घरात लहान मूल असेल, तर या बाबतीत अजिबात तडजोड करू नये.

प्रश्न : लहान खोलीत लहान गालिचा घ्यावा, हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. सामानापासून सुटा, मध्येच पडलेला लहान गालिचा जमिनीचे तुकडे पाडतो. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर येतील एवढा तो मोठा असावा; तेवढा परवडत नसेल, तर गालिच्याविना खोली अधिक चांगली दिसते. एकाच विणीच्या दोन साध्या सतरंज्या कडेला कड लावून शिवल्या तरी हवे ते माप मिळते. त्यांखाली न घसरणारी रबरी जाळी घालावी, आणि दार त्यांच्यावरून अडखळत नाही, हे उघडून-मिटून पाहावे.