पावसाचा निर्णय कोण घेणार आणि किती वाजता?

आपण विचारले आहे की, तुळशीच्या लग्नानंतर नोव्हेंबरअखेरीस बार्देशातील समुद्रालगतच्या मोकळ्या जागेत साडेतीनशे पाहुण्यांचा विवाहसोहळा प्रथमच स्वतंत्रपणे हाती घेतला असून, स्वागतसमारंभ वधूपक्षाच्या आग्रहामुळे पौर्णिमेच्या रात्री वाळूवर ठेवला आहे, तर अशा कामासाठी कोणता विमा घ्यावा. विम्याविषयी पुढे लिहितोच. परंतु गोव्यात सतरा वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, विमा नुकसानीनंतर उपयोगी पडतो, आणि बहुतेक नुकसान निर्णय वेळेवर न झाल्यामुळे होते.

माझेच उदाहरण देतो. फोंडा तालुक्यातील एका लग्नात, ऑक्टोबरच्या शेवटी, दुपारी तीनपासून आभाळ भरून आले होते. शेजारचे सभागृह मी राखून ठेवले होते, म्हणजे पर्यायी व्यवस्था होती. पण तिकडे हलायचे की नाही हे वधूपिता ठरवणार, मुलाकडचे ठरवणार की मी, हे कोठेही लिहिलेले नव्हते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला आणि पावणेसहाला पहिली सर आल्यावर सर्वांनी एकदमच होकार दिला. मंडपवाल्याने अर्ध्या तासात आवरतो असे सांगितले होते. खुर्च्या, फुलांची सजावट आणि जेवणाची मांडणी हलवायला दोन तास लागले. त्याहून वाईट म्हणजे दिव्यांच्या तारांचे जोड गवतात तसेच पडून होते आणि पाहुणे त्यांवरून धावत होते. सुदैवाने कोणाला विजेचा धक्का बसला नाही, पण त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

तेव्हापासून माझ्या करारात एक परिच्छेद ठरलेला असतो. कार्यक्रमाच्या किती तास आधी अंतिम निर्णय होईल, कोणत्या स्थितीत मोकळ्या जागेचा बेत रद्द होईल, तो निर्णय कोणती एक व्यक्ती घेईल आणि ती व्यक्ती फोनवर सापडली नाही तर कोण, हे त्यात नावानिशी लिहिलेले असते. वेळ मंडपवाल्याच्या अंदाजावरून नव्हे, तर प्रत्यक्ष हलवायला लागणाऱ्या वेळेच्या दुपटीने धरावी. यजमानांना सुरुवातीला हे अभद्र वाटते. साखरपुड्याच्या उत्साहात पावसाचे नाव कोणाला नको असते. तरीही आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वीच त्यावर सही घ्यावी, कारण नंतर कोणी घेऊ देत नाही.

आता पौर्णिमेविषयी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आपणास ठाऊक असेल. त्यानुसार पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, पूर्ण भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, आणि तीही उधाणाची. म्हणजे ज्या चांदण्यासाठी ही रात्र निवडली आहे, त्याच रात्री पाणी मंडपाच्या सर्वांत जवळ येणार. २०१७ मध्ये दत्तजयंतीच्या सुमारास ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रात दूरवरून जात असतानाही पेडणे तालुक्यातील किनाऱ्यांवरच्या शॅकांत, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या उपाहारगृहांत, पाणी शिरले होते. पौर्णिमेचे उधाण आणि वादळाच्या लाटा एकत्र आल्या होत्या. तुळशीचे लग्न झाले म्हणजे पाऊसवारा संपला, हा समज २००९ च्या नोव्हेंबरमधील फयान चक्रीवादळानंतर तरी कोणी बाळगू नये. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे, आधीच्या पौर्णिमेला रात्री स्वतः जागेवर उभे राहून पाण्याची रेषा पाहावी आणि जनरेटर तिच्यापासून पुष्कळ मागे, उंचावर ठेवावा. त्याचे अर्थिंग स्वतंत्र असावे आणि तारांचे जोड जमिनीपासून वर बांधलेले असावेत. वाळूवरच्या तात्पुरत्या बांधकामाला किनारपट्टी नियमनाचे निर्बंध लागू होतात, त्यामुळे जागेच्या मालकाचा तोंडी होकार पुरेसा मानू नये.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. रात्री दहाला पोलीस येऊन नाच थांबवतील, ही जोखीम नसून जवळजवळ खात्री आहे; म्हणून संगीताचा भाग आधी घ्यावा किंवा बंदिस्त सभागृहात न्यावा. मात्र सभागृहात शोभेची आतषबाजी कोणी कितीही गळ घातली तरी करू नये. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जणांचा जीव गेला आणि अरुंद वाटेमुळे अग्निशामक बंबांना आतपर्यंत पोहोचता आले नाही. आपल्या जागेकडे जाणारा रस्ता, पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागल्यावर, बंब जाईल एवढा उरतो का, हे प्रत्यक्ष मोजून पाहावे.

विम्याबाबत थोडक्यात. पाहुण्यांना होणाऱ्या इजेसाठी सार्वजनिक दायित्वाचे संरक्षण घ्यावेच. कार्यक्रम रद्द होण्याचे संरक्षण घेताना प्रतिकूल हवामान त्यात धरले आहे की वेगळे जोडावे लागते, हे पॉलिसीच्या मजकुरातच वाचावे, एजंटाच्या बोलण्यावर जाऊ नये. परवानगी नसल्यामुळे कार्यक्रम बंद पडला तर सहसा काहीही मिळत नाही. पुरवठादारांशी करार करताना, आपत्ती आली तर कायदा सांभाळून घेईल असेही समजू नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ५६ करार पार पाडणे अशक्य झाल्यास लागू होते, आणि पावसात जेवण वाढणे गैरसोयीचे असले तरी अशक्य नाही. केटररची रक्कम कोणत्या दिवसापर्यंत परत मिळेल आणि त्यानंतर किती कापली जाईल, हे आकड्यांत लिहून घ्यावे.