रोड रॅश २ मध्ये मारामारी करावी की नुसतं पुढे पळावं?

तुम्ही विचारलंय की हाती टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल सेगा मेगा ड्राइव्ह लागलाय, तर रोड रॅश २ या बाईक शर्यतीच्या गेममध्ये इतरांना मारत बसावं की सरळ पुढे निघावं, आणि बाईक कोणती घ्यावी.

मारा. ‘खरा खेळणारा मारत नाही’ म्हणणाऱ्यांना खुशाल नुसती गाडी चालवू द्या.

१९९६ च्या मे महिन्यात मामा मस्कतहून मेगा ड्राइव्ह घेऊन चिपळूणला आला. तोवर आम्ही कॅसेटवाल्या स्वस्त व्हिडिओ गेमवरच खूश होतो. पहिल्या रोड रॅशमध्ये दोघांनी आळीपाळीने खेळायचं. १९९२ च्या या दुसऱ्या भागात स्क्रीनचे वर-खाली दोन तुकडे करून एकत्र खेळता येतं. आमचा टीव्ही चौदा इंची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पट्टीच. वरची मावसभावाची, खालची माझी.

गेममधला व्हरमाँटचा (अमेरिकेतलं एक राज्य) रस्ता होता. त्याने कुणाकडून तरी चेन हिसकावली आणि माझ्यावर उगारली. हात वर गेला त्याच क्षणी मी ठोसा मारला, तर चेन माझ्या हातात! मग ती वापरलीच नाही. समोरून गाडी येताना दिसली, एक लाथ घातली. तो गाडीवर आदळला, लोळत गेला, उठला आणि लांब पडलेल्या बाईककडे तुरुतुरु धावायला लागला. तेवढ्यात लाइट गेले.

निकाल लागलाच नाही. “चीटिंग आहे ही. तुला चालवता येत नाही म्हणून लाथा मारतेस,” असं म्हणून तो कंट्रोलर टाकून उठला. मामा म्हणाला, “पुन्हा खेळा.” पुन्हा का? गेल्या गणपतीत मावसभावाने त्याच्या पोरांना हीच गोष्ट सांगितली, ‘आत्या चीटिंग करायची’ म्हणून. अरे, मारायला बटण दिलंय, तेही काय चुलीत घालायचं?

तर, कोणालाही कुठेही मारत सुटू नका. खाली समोरच्याच्या ताकदीची पट्टी दिसते, ती संपत आलेल्याला गाठा. नाहीतर समोरून गाडी येईपर्यंत बाजूला थांबा आणि मग ढकला. हत्यार हिसकावायचं तर त्याने उगारल्यावरच, आधी मारलेला ठोसा फुकट जातो. पोलीस आसपास असताना मात्र हात आवरा. तिथे पडलात तर पकडले जाता आणि दंड भरावा लागतो.

हेही कबूल करते की वरच्या लेव्हलला रस्ते लांब होतात, बाकीचे सुसाट असतात. तिथे प्रत्येकाशी भिडलात तर मागेच राहाल. एवढ्यापुरतं मावसभावाचं बरोबर होतं. (कॅफेत खेळलेला रोड रॅश आठवून खेळू नका. तो १९९६ चा विंडोजवाला, वेगळा.)

बाईक? पैसे जमले की नायट्रोवाली, म्हणजे थोडा वेळ जादा वेग देणारी, घ्या, पण सगळे उडवू नका. दंडाला किंवा मोडलेल्या बाईकच्या दुरुस्तीला पैसे नसले की गेम ओव्हर. मावसभावाचा तसा दोनदा झालाय. ते मात्र पोरांना सांगत नाही.