टाकीजवळचा पत्रा : ठेवायचा की भंगारात द्यायचा?

प्रश्न (चिपळूण) : नमस्कार सर. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१३ ची. जुलै २०२१ च्या पुरात सीटपर्यंत पाणी आलेलं, नंतर सगळं साफ करून घेतलं, गाडी तशी छान चालते. पण गेल्या पावसाळ्यापासून मागच्या सीटखालून खडखड आवाज यायला लागला, एसी लावून उभी असली की जास्त. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली तर पेट्रोलच्या टाकीच्या आणि सायलेन्सरच्या पाइपच्या मध्ये एक पातळ चंदेरी पत्रा असतो तो सैल झालेला. त्याने दोन बोल्ट काढले, तिसरा तुटला, आणि पत्रा माझ्या हातात दिला. म्हणे कंपनी उगाच लावते, मी कितीतरी गाड्यांचे काढलेत, काही होत नाही. आवाज बंद झाला हे खरं आहे, पण बायको म्हणते टाकीजवळचं काही असं काढून कसं चालेल. पत्रा सध्या डिकीत आहे. परत लावू का राहू दे?

उत्तर : परत लावा. वहिनींचं बरोबर आहे. मेकॅनिकचंही अर्धं बरोबर आहे म्हणा, पत्रा काढला म्हणून उद्या गाडी पेटत नाही, रोजच्या बाजार-ऑफिसच्या फेऱ्यांत तुम्हाला काही फरक जाणवणार पण नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की तो उगाच होता. हा पत्रा म्हणजे हीट शिल्ड, उष्णता अडवणारा आडोसा, आणि तो लावलेलाच असतो इंजिन बिघडेल त्या दिवसासाठी, नाहीतर गाडी जास्त दमेल त्या दिवसासाठी.

आता बघा, गाडी नीट चालत असते तेव्हा कॅट कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधला धूर साफ करणारा डबा, साधारण ४०० ते ८०० डिग्रीत असतो, मागे टाकीपाशी येईपर्यंत पाइप बराच निवलेला असतो, म्हणजे चिंता नाही. पण समजा स्पार्क प्लगला ठिणगी देणारी एक कॉइल गेली आणि इंजिन मिसिंग करायला लागलं, तर त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल तसंच पुढे जातं आणि कॅटमध्ये जाऊन जळतं, मग तोच कॅट १००० डिग्रीच्या वर जाऊ शकतो, अंधारात लाल दिसतो अक्षरशः. मीटरमधला चेक इंजिनचा लाइट नुसता लागून न राहता लुकलुकायला लागला तर तो हेच सांगत असतो, आणि आपल्याकडे किती जण त्या लाइटवर तसेच घरापर्यंत येतात ते मला विचारू नका. शिवाय गरम पाइपमधून बाहेर पडणारी धग तापमानाबरोबर सरळ हिशोबात वाढत नसते, फार झपाट्यानं वाढते. ४०० डिग्रीचा पाइप ७०० ला गेला तर त्यातून किरणांनी येणारी उष्णता चौपटीहून जास्त होते.

आणि समोर काय आहे, तर प्लॅस्टिकची टाकी. तुमच्या वर्षाच्या बहुतेक गाड्यांना एचडीपीई प्लॅस्टिकची टाकी असते, चांगली मजबूत असते, गंजत नाही, ठोकर लागली तर फुटण्याऐवजी दबते. पण हे प्लॅस्टिक १३० डिग्रीच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागतं. संयुक्त राष्ट्रांचा जो ३४ नंबरचा नियम आहे त्यात प्लॅस्टिकच्या टाकीत अर्धं पाणी भरून ती ९५ डिग्रीला एक तास ठेवतात आणि ती गळायला नको, वाकडीतिकडी व्हायला नको असं बघतात. म्हणजे टाकीला काय झेपावं अशी अपेक्षा आहे त्याचा अंदाज आला असेल, आणि मधला पत्रा काढल्यावर शेजारी काय उरतं तेही.

टाकी वितळणं ही शेवटची गोष्ट झाली, त्याच्या आधी बारीकसारीक कटकटी बऱ्याच होतात. पेट्रोलमधले हलके घटक ४० डिग्रीच्या आसपासच उकळायला लागतात. तुम्ही चिपळूणचे म्हणून कुंभार्ली घाटच घेऊ. चार माणसं, सामान, एसी, दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढून वर आलात आणि चहाला थांबलात. गाडी चालत असताना खालून वारा लागत होता तो बंद झाला, पाइप मात्र तसाच तापलेला, त्याची सगळी धग वर टाकीकडे. गाडी बंद केल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं टाकीला चालत्या गाडीपेक्षा जास्त त्रासाची असतात. त्यात टाकीत पेट्रोल तळाला असेल तर ते पटकन तापतं, आणि फ्युएल पंप टाकीतच असतो, आजूबाजूच्या पेट्रोलनंच तो थंड राहत असतो. मग झाकण उघडल्यावर फुस्स होणं, डिकीत पेट्रोलचा वास येणं, पंप लवकर जाणं अशी लक्षणं दिसतात, आणि पत्रा काढून दोन वर्षं झालेली असतात त्यामुळे कुणाच्या डोक्यातही येत नाही की सुरुवात तिथून झाली.

पत्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो, हातानं वाकतो, म्हणून लोकांना तो फालतू वाटतो. पण त्याचं काम जाडीवर नाहीच. एक तर तो चकचकीत असतो त्यामुळे अंगावर आलेली बहुतेक धग परत फेकतो, आणि दुसरं म्हणजे त्याच्या मागे हवेची फट सोडलेली असते. ती फट महत्त्वाची. तुमच्या गाडीत पुराचा गाळ त्या फटीत बसला असणार, वरवर धुतल्यानं तो निघत नाही, पार वाळून घट्ट होतो. मग फट संपली, गाळातून उष्णता सरळ पलीकडे जाते, आणि वर ओल धरून ठेवतो म्हणून टाकीचे लोखंडी पट्टे गंजतात. आता पत्रा निघालाच आहे तर तिथं प्रेशर वॉशरनं धुऊन घ्या आणि टाकीच्या पट्ट्यांकडे टॉर्च मारून बघा, माझ्या मते तुमच्या गाडीत हे आवाजापेक्षा जास्त गरजेचं आहे.

आता खडखड का झाली. पत्रा ॲल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडी, आणि वर्षातले चार महिने ओल. दोन वेगळे धातू ओल्यात चिकटून राहिले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं, बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते ती तीच. भोक खात खात लांबट होतं आणि एक दिवस बोल्टचं डोकं त्यातून आरपार येतं, बोल्ट जागेवर घट्ट आणि पत्रा मोकळा. डिकीतला पत्रा काढून भोकं बघा, असंच दिसेल. यावर उपाय म्हणजे स्टीलचे मोठे वॉशर, २५-३० मिलिमीटरचे, पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक, मधे बोल्ट. हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतात. भोक फारच फाटलं असेल तर त्याच पत्र्याचा तुकडा मागे रिवेट करून घ्या. तुटलेला बोल्ट बाहेर काढायचाय तो हातानं, डब्ल्यूडी-४० मारून, सबुरीनं. टाकी जागेवर असताना तिथं वेल्डिंग करू द्यायचं नाही, ग्राइंडरही नाही, मेकॅनिक कितीही म्हणाला दोन मिनिटांचं काम आहे तरी. बोल्ट निघतच नसेल तर टाकी उतरवावी लागेल आणि मग ते काम चांगल्या वर्कशॉपमध्येच करा.

लावताना पत्रा टाकीला टेकवायचा नाही आणि पाइपलाही टेकवायचा नाही, दोन्हीकडे फट राहू दे. केबल टाय, एम-सील, डबल टेप हे प्रकार नकोत, पहिल्याच घाटात सुटतील. चिकटवण्यावरून आठवलं, २०१० साली फेरारीला ४५८ इटालियाच्या १,२४८ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण चाकाच्या कमानीतलं हीट शिल्ड गोंदानं चिकटवलेलं होतं, तापल्यावर तो गोंदच पेट घ्यायचा. नंतर त्यांनी गोंद काढून शिल्ड रिवेटनं बसवलं. फेरारीच्या गोंदाची ही गत, तर आपल्या टेपचं काय घेऊन बसलात.

आणि परत लावल्यावरही आवाज आला तर? इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरवर रबरी हातोडीनं हलकेच मारत पुढून मागे जा. पत्रा असेल तर टिणटिण वाजेल. पाइप ज्या रबरांवर लटकतो त्यातलं एखादं तुटलं असेल तर पाइप हलून कुठंतरी आपटत असेल, ते रबर स्वस्तात मिळतं. आणि कॅटच्या आतून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर आतली जाळी फुटलीय, तो मात्र खर्चिक मामला. गाडीखाली नुसत्या जॅकवर शिरू नका, खाली स्टँड लावा.

एक अपवाद सांगतो. शिल्ड एकाच बोल्टवर लोंबकळतंय आणि तुम्ही हायवेवर आहात तर सरळ काढून डिकीत टाका आणि घरी या, रस्त्यावर पडलं तर मागच्याला धोका. फक्त नंतर लावायचं विसरू नका.

प्रश्न (नाशिक) : माझी डिझेल एसयूव्ही आहे, बीएस-६. गेल्या महिन्यात खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घेतलं. पोरांनी सगळ्यावर एकसारखं काळं मारलंय, टाकीजवळच्या चंदेरी शिल्डवर पण. आता लांब जाऊन आलो की डांबर जळल्यासारखा वास येतो. डिझेल काही पेट्रोलसारखं पेटत नाही असं ऐकलंय, मग दुर्लक्ष केलं तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ते कोटिंग बॉडीच्या पत्र्यासाठी असतं. सायलेन्सर, कॅट, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि हीट शिल्ड हे झाकून मग स्प्रे मारायचा असतो, बऱ्याच ठिकाणी तेवढा वेळ कुणी काढत नाही. चकचकीत ॲल्युमिनियम धग परत फेकतं, काळं केलं की तेच ती शोषून घेतं, म्हणजे शिल्ड जागेवर आहे पण त्याचं मुख्य काम गेलं. वर ते कोटिंग स्वतः जळणारं.

तुमच्या गाडीला डीपीएफ असणार. त्यातली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून स्वतःच रिजनरेशन करते, तेव्हा डीपीएफमध्ये ६०० डिग्रीच्या आसपास तापमान जातं. लांबच्या प्रवासात ते हमखास होतं, म्हणून तुम्हाला वास तेव्हाच येतो. डिझेलचं म्हणाल तर त्याची वाफ सहज पेटत नाही हे बरोबर, काडी लावून पेट्रोलसारखा भडका होत नाही. पण ठिणगी नसताना नुसत्या उष्णतेनं आपोआप पेटायला डिझेलला पेट्रोलपेक्षा कमी तापमान लागतं, डिझेलला साधारण २१० ते २५० डिग्री आणि पेट्रोलला २५० ते २८०. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो तो त्यामुळेच. उघड्यावर गरम पाइपवर थेंब पडला तर प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त तापमान लागतं, वारा असतो, थेंब उडून जातो, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण डिझेल आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

जिथं कोटिंग केलं तिथंच गाडी न्या आणि शिल्ड, सायलेन्सर साफ करून मागा, पैसे वेगळे द्यायचे नाहीत. थंड गाडीवर टर्पेंटाइन आणि फडक्यानं बरंचसं निघतं, तारेचा ब्रश शिल्डवर नको, पत्रा फाटतो. टर्पेंटाइन पूर्ण उडून जाईपर्यंत गाडी चालू करू नका. नाहीच निघालं तर नवीन शिल्ड घ्या. तोपर्यंत वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तसं ते कोणत्याच गाडीनं करू नये.

प्रश्न (मडगाव) : वडिलांची १९९२ ची पेट्रोल कार नीट करून घेतोय. टाकीला शिल्ड कधी नव्हतंच. आता नवीन सायलेन्सर बनवून घेतला तर पाइप आधीपेक्षा टाकीच्या जवळून गेलाय. शिल्ड लावायला हवं का?

उत्तर : तुमच्या गाडीला कॅट नाही. आपल्याकडे नवीन पेट्रोल गाड्यांना कॅट लागला तो १ एप्रिल १९९५ पासून, तोही आधी दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार शहरांत, आणि शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. शिवाय तेव्हाच्या टाक्या लोखंडी. त्यामुळे कंपनीनं मोकळी जागा सोडली आणि शिल्ड लावलं नाही, तेव्हा ते पुरत होतं. तुम्ही पाइप सरकवलात म्हणजे ती जागा गेली.

पहिला पर्याय, पाइप परत वाकवून जुन्या वाटेनं घ्या, हे सगळ्यात स्वच्छ काम. ते शक्यच नसेल तर अंतर मोजा. सीएनजी गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात सिस्टिमचा कुठलाही भाग सायलेन्सरपासून १०० मिलिमीटरच्या आत असेल तर शिल्ड हवं असं म्हटलंय. तुमच्या टाकीला तो नियम लागत नाही, पण अंदाज म्हणून धरायला काय हरकत आहे. त्याहून जवळ असेल तर ॲल्युमिनियमचा पत्रा पाइपवर किंवा बॉडीवर बसवा, टाकीला भोकं पाडून नाही.

आणि शिल्डच्या आधी टाकीतून निघणारा रबरी पाइप बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, १९९२ च्या रबराला ते मानवत नाही, दुमडून बघितलात तर भेगा दिसतील. इथेनॉल चालेल असं लिहिलेला फ्युएल होज मागून घ्या, साधा पाण्याचा किंवा हवेचा नको.