उद्योगांचं स्थानिकीकरण: सुरुवात कुठून करायची

राज्यसेवा परीक्षेच्या भूगोलाला नुकताच हात घातलायस आणि स्थानिकीकरण, म्हणजे कोणता उद्योग कुठे आणि का उभा राहतो, हे शिकतोयस, तर आधी ती 'शहर आणि उद्योग' पाठ करायची यादी बंद कर. बहुतेक नवखे तिथेच अडकतात, आणि प्रश्न जरा फिरवून आला की गडबडतात.

प्रत्येक उद्योगाला एकच प्रश्न विचार: कच्च्या मालाचं वजन प्रक्रियेत किती घटतं? खूप घटत असेल तर वाया जाणारं वजन वाहून नेण्यापेक्षा कारखाना मालाजवळ बरा. एक टन उसातून साखर मिळते जेमतेम 100 ते 120 किलो. शिवाय तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घसरतो. म्हणून कारखाना फडाजवळच. आता कापूस बघ. 100 किलो कापसातून रुई साधारण 35 किलो, उरलेली बहुतेक सरकी. त्यामुळे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, कापूस पिकतो त्या यवतमाळ-अकोल्याकडे. पण रुईचं सूत करताना वजन फारसं घटत नाही, म्हणून गिरण्या मुंबईत चालू शकल्या. बंदर, भांडवल, मजूर तिथे होते. एकाच पिकाचे दोन टप्पे, दोन ठिकाणं!

सुरुवातीच्या चुका:
- वर्गीकरणाची सरमिसळ. 'कृषी-आधारित' हे कच्च्या मालावरून, 'सहकारी' हे मालकीवरून. साखर कारखाना दोन्हीत बसतो.
- कच्चा माल हेच एकमेव कारण समजणं. ॲल्युमिनियमला स्वस्त वीज लागते, चाकणच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे शेजारी.
- नकाशा न उघडणं. पोलादासाठी जमशेदपूर शोध, मग झरियाचा कोळसा, सुवर्णरेखा नदी.

वेबरचा त्रिकोण (उद्योगाची जागा वाहतूक खर्चावरून ठरवणारा सिद्धांत) सध्या राहू दे. आधी साखर, कापड, पोलाद, सिमेंट एवढे चारच कर.