पाळीची ड्यूटी, लग्नसराई आणि बेचाळीस किलोमीटर

प्रश्न : वय 41, पाळीची ड्यूटी, घरी दोन मुलं. सध्या सलग 10 किलोमीटर धावतो. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची आहे, पण आठवड्याला पाच तासांपेक्षा जास्त वेळ निघत नाही. जमेल का? नाइटच्या आठवड्यात काय करावं?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : जमेल. मात्र यंदा किती वेळात हे मनातून काढा, पूर्ण करायची एवढंच ठेवा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापासून 18 आठवडे धरा आणि तयारी वारांवर न बसवता रोस्टरवर बसवा.

आठवड्यात तीन धावा पुरतात. एक 45 मिनिटांची, गप्पा मारता येतील इतकी सावकाश. दुसरी 50 मिनिटांची: 10 मिनिटं हळू, मग 8 मिनिटं जोरात आणि 2 मिनिटं सावकाश असं तीनदा, शेवटी पुन्हा हळू. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. तिसरी लांब धाव. ती 80 मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला 15 मिनिटं वाढवा, दर चौथ्या आठवड्याला तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. सव्वातीन तासांच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर फायदा थोडा आणि दुखापतीची भीती फार. सर्वांत लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकायची.

शेवटची नाइट संपली की आधी झोपा. त्या संध्याकाळी फार तर सावकाश 45 मिनिटं. लांब धाव पूर्ण रात्रीची झोप झाल्यावरच, म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे. झोप सहा तासांच्या खाली गेली असेल तर जोराची धाव सरळ सोडून द्या. पाळीवाल्यांची तयारी फसते ती इथेच: वेळ कमी पडला की झोपेतून कापतात, आणि बुडालेली धाव पुढच्या आठवड्यात भरून काढतात. भरून काढायची नसते. आठवडाभर खंड पडला तर आधीच्या लांब धावेच्या दोन तृतीयांशावरून पुन्हा सुरू करा.

लांब धावा नेमक्या डिसेंबरच्या लग्नसराईत येतात. तारखा आत्ताच घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी धाव ठेवू नका. पहाटे साडेचारला निघालात तर आठच्या आत घरी, मुलांची आंघोळ-शाळा तुमच्याकडे घेता येते. हा हिशोब घरच्यांशी आधी बोलून ठरवा.

आदल्या रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी नको. तेल आणि चोथा धावताना पोटात उठतो. साधा वरण-भात खा. दीड तासाच्या पुढच्या धावेत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर आणि पाव चहाचा चमचा मीठ घाला. तासाला त्यातलं अर्धा लिटर आणि एक पिकलेलं केळं घेतलं की भागतं, आणि केळी आपल्याकडे रावेर-यावलची. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे अंदाजे एक लिटर पाण्याची तूट. वजन वाढलं तर जास्त प्यायलात. नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं, ते धोक्याचं.

आपल्याकडे जानेवारीची पहाट कोरडी-गार, मुंबईत दमट. तिथे घाम वाळत नाही, नाडी लवकर चढते. पहिले 10 किलोमीटर सरावापेक्षा हळूच धावा, कारण परतताना पेडर रोडचा चढ थकल्या पायांनी चढायचा असतो. त्यासाठी पंधरा दिवसांतून एकदा एखाद्या उड्डाणपुलाचे 6 चढ करा.

प्रश्न : बँकेत नोकरी, सकाळी डबे. वेळ रविवारीच मिळतो, तेव्हा एकदम 18 किलोमीटर धावते. हल्ली नडगी दुखते.
– एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, सहा दिवस काहीच नाही आणि सातव्या दिवशी सगळा भार, हे हाडाला झेपत नाही. रविवारची धाव आठवड्याच्या एकूण अंतराच्या निम्म्यावर ठेवा: 9 किलोमीटर रविवारी, साडेचार-साडेचार मंगळवारी आणि गुरुवारी. दोन दिवस भाजी चिरताना ओट्याला धरून एका पायाच्या चवड्यावर टाच वर-खाली, 15 वेळा, तीन फेऱ्या.

दुखणं बोट ठेवून दाखवता येईल इतक्या एकाच जागी असेल, रात्री किंवा चालतानाही ठणकत असेल, तर धावणं आजच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ती बहुधा दिसत नाही.