वाचकांचे प्रश्न: विझवला तरी पुन्हा लागणारा पिवळा दिवा

प्रश्न: माझी पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक गाडी २०१८ सालची असून ती आजवर ८६ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडीच्या चालण्यात फरक जाणवत नाही. ॲव्हरेज मात्र एखाद्या किलोमीटरने उतरले असावे. ओळखीच्या मेकॅनिकने बॅटरीची तार काढून पुन्हा लावली, तेव्हा दिवा गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. मग एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, त्यात पी०४२० हा कोड निघाला. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला आहे, बदलावाच लागेल’ असे सांगून मोठा खर्च सांगण्यात आला. एवढे पैसे घालण्यापूर्वी खात्री कशी करून घ्यावी, आणि तोवर गाडी चालवण्यात धोका आहे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर: खर्चाला होकार देण्याआधी आपण थांबलात, हे फार चांगले केलेत. पी०४२० या कोडाचा नेमका अर्थ इतकाच आहे की, कन्व्हर्टरची, म्हणजे इंजिनाच्या विषारी धुराचे शुद्धीकरण करणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेल्याचे गाडीच्या संगणकाला वाटते आहे. हे वाटणे दोन सेन्सरांच्या साक्षीवर उभे असते, आणि ती साक्ष चुकीची ठरावी अशी दोन-तीन साधी कारणे असू शकतात. ती तपासल्याशिवाय कन्व्हर्टर बदलण्याचा सल्ला मला घाईचा वाटतो.

आधी दिवा पाचव्या दिवशीच का परतला, ते पाहू. बहुतेक दोष एकदा आढळले म्हणून दिवा लगेच लागत नाही. पहिल्या वेळी संगणक त्याची कच्ची नोंद करतो आणि लागोपाठच्या दुसऱ्या प्रवासातही तोच दोष दिसला, तर दिवा लावतो. त्यातही कन्व्हर्टरची तपासणी कोणत्याही क्षणी होत नाही. इंजिन पूर्ण तापलेले आणि गाडी काही वेळ एकसारख्या वेगाने चाललेली असावी लागते. गावातल्या गावात फिरताना असे योग क्वचित जुळतात, म्हणून मधले चार दिवस शांत गेले. बॅटरीची तार काढल्याने दोष दुरुस्त झाला नाही, त्याची नोंद पुसली गेली. त्या नोंदीबरोबर आणखी एक मोलाची गोष्ट जाते. दोष नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, वेग किती होता, पाण्याचे तापमान किती होते आणि इंजिनावर भार किती होता, याचे एक चित्र संगणक जपून ठेवतो; स्कॅनरवर त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. कसलेल्या मेकॅनिकला त्यावरून निम्मे निदान होते. म्हणून यापुढे कोणालाही आधी नोंद वाचू द्या, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा आणि मगच कोड पुसू द्या. दोष खरोखर दूर झाला असेल, तर सलग तीन निर्दोष प्रवासांनंतर दिवा आपोआप विझतो; तो मुद्दाम विझवण्याची गरज नसते.

आता ती दोन सेन्सरांची साक्ष. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या नळीत इंजिनाजवळ बसवलेले, मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेले चिनी मातीचे ठोकळे. त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो आणि सोबत प्राणवायू साठवणारे सिरियमचे संयुग असते. धुरातला प्राणवायू ओळखणारा एक ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या आधी आणि दुसरा त्याच्या नंतर असतो. पेट्रोलच्या एका भागास सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखण्यासाठी संगणक मिश्रण सतत किंचित कमी-जास्त करतो, त्यामुळे पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ यांच्यामध्ये भराभर हेलकावते. (काही गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या प्रकारचा असतो, तिथे हे आकडे लागू होत नाहीत.) कन्व्हर्टर धडधाकट असेल तर तो प्राणवायू साठवून आणि सोडून हे हेलकावे पचवतो, आणि मागच्या सेन्सरचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. मागचा सेन्सरही पुढच्याच्या तालावर नाचू लागला, की साठवण संपली असे समजून संगणक पी०४२० नोंदवतो.

हे चित्र पाच-दहा मिनिटांत पाहता येते. इंजिन पूर्ण तापवून, फेरे मिनिटाला २५०० च्या आसपास स्थिर धरून, स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये दोन्ही सेन्सरांचे आलेख शेजारी शेजारी पाहायचे. ज्या गॅरेजने कोड वाचला, त्यांच्याकडेच आलेख दाखवण्याची मागणी करा. ती करणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. इतक्या महागड्या भागाचा पुरावा मागण्याचा गाडीमालकाला पूर्ण हक्क आहे. मागचा आलेख स्थिर असेल, तर कन्व्हर्टर बदलण्याचा विषयच तूर्त बाजूला ठेवावा.

आलेख खराब दिसला तरी पुढच्या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, सायलेन्सरची गळती. मागच्या सेन्सरच्या आधी कुठल्याही जोडावरचे पॅकिंग उडाले असेल किंवा नळी गंजून बारीक भोक पडले असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरांना खोटा प्राणवायू दिसतो. पावसाळ्यात खड्ड्यांतून आणि पाण्यातून चाललेल्या गाड्यांत हे नेहमीचे आहे. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून खालून फटफट आवाज येतो का ते ऐकावे, आणि इंजिन बंद व नळी गार असताना जोडांवर काजळीचे काळे ओघळ आहेत का ते पाहावे. पॅकिंगचा खर्च कन्व्हर्टरपुढे नगण्य असतो. दुसरी गोष्ट, खुद्द मागचा सेन्सर. त्याची तार उंदराने कुरतडली असती किंवा आतला हीटर जळला असता, तर बहुधा पी०१३६ किंवा पी०१४१ असा वेगळा कोड आला असता. म्हणून आपल्या बाबतीत हा संशय तुलनेने दुबळा आहे. केवळ अंदाजाने सेन्सर बदलून पाहू नये.

या तपासण्यांनंतरही बोट कन्व्हर्टरकडेच राहिले, तर तो कशाने मेला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका, असे मी आग्रहाने सांगेन. निरोगी इंजिनाच्या मागे कन्व्हर्टर सहसा एवढ्या अंतरावर मरत नाही. इंजिन ऑइल जळत असेल, तर त्यातला फॉस्फरस धातूंच्या थरावर बसून तो निकामी करतो. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल वरून घालावे लागते का, हे आठवून पाहा. ठिणगी पाडणारा प्लग किंवा त्याला वीज पुरवणारी कॉइल अधूनमधून दगा देत असेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि ते चिनी मातीचे पोळे वितळते. ॲव्हरेज उतरल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून प्लग आणि कॉइल या खेपेला जरूर तपासून घ्या. मूळ दोष तसाच राहिला, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. अत्यंत स्वस्त मिळणाऱ्या कन्व्हर्टरपासूनही सावध राहावे. मौल्यवान धातूंचा थर कमी असेल, तर दिवा काही महिन्यांत परततो. सेन्सरखाली लांब नट बसवून संगणकाला फसवण्याचा उपायही आपल्याला कोणी सुचवील. तो स्वीकारू नका. त्याने दिवा विझेल, पण विषारी धूर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या श्वासात जातच राहील.

पीयूसी मिळते, तेव्हा कन्व्हर्टर ठीकच आहे, असाही समज करून घेऊ नये. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत.

इंटरनेटवरील अनेक व्हिडिओंत पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करा, दिवा जाईल, असे सांगतात. अमेरिकी नियमांनुसार तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का, हेही तपासतात, म्हणून तिथे तो उपाय लागू पडतो. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ती तपासणी नसते, आणि आपल्या कोडाशी तर झाकणाचा काहीच संबंध नाही.

दिवा पिवळा आणि स्थिर आहे, इंजिन एकसारखे चालते आहे, तोवर रोजचा प्रवास करण्यास हरकत नाही. तपासणी मात्र महिनोन्‌महिने लांबवू नये. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागल्यास सुरक्षित जागी गाडी ताबडतोब थांबवून इंजिन बंद करावे.

प्रश्न: खंबाटकी घाट चढताना माझ्या गाडीचा हाच पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी हिसके देते. घाट संपला की दिवा स्थिर होतो. हे चालवून घ्यावे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही. लुकलुकणारा दिवा म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, इतके की कन्व्हर्टर त्या क्षणी जळू शकतो, असा इशारा असतो. ॲक्सिलरेटर ताबडतोब सैल करा आणि जागा मिळताच थांबा. चढावर भार वाढल्याने ठिणगीला जास्त दाबातून उडी घ्यावी लागते, म्हणून कमकुवत कॉइल किंवा झिजलेला प्लग नेमका घाटातच उघडा पडतो. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, असा कोड आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावावी, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि पुन्हा चालवून पाहावे. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर तिसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर ती कॉइल बदला; पी०३०२ च राहिला तर दुसऱ्या सिलिंडरचा प्लग आणि त्यानंतर पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासून घ्या. ही चाचणी सपाट रस्त्यावर घ्यावी आणि ती होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नये.